भुवया आवळल्या की यान वर जातं

"आबा, लक्ष नको देऊस. नुसत्या भुवया आवळ."

नातवाच्या या एका वाक्यानं आमच्या घरातला सहा आठवड्यांचा प्रयोग निकालात निघाला. कपाळावर मेंदूच्या लहरी टिपणारा पट्टा, कानाच्या पाळीला चिमटा, समोर टॅबवर एक अंतराळयान. मन एकाग्र झालं की यान वर चढतं, भरकटलं की खाली येतं, असं खोक्यावर लिहिलेलं. पट्टा त्याचाच, पण त्या दिवशी मी हट्टानं स्वतःच्या डोक्याला लावून बसलो होतो. शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेला माणूस मी. व्हर्निअरची बारीक रेघ कुठल्या रेघेशी जुळते ते बघण्यात अर्धं आयुष्य गेलं. माझी एकाग्रता कच्ची असेल असं मला वाटत नाही. तरी ते यान जमिनीवर मुरदाडासारखं पडून होतं.

भुवया आवळल्या. यान सुळकन वर गेलं. दात दाबले, आणखी वर. डोळे मिचकावले तर गचके खात खात का होईना, पण वरच.

"तुला कधी कळलं हे?"

"दुसऱ्या दिवशी."

म्हणजे चाळीस दिवस हा मुलगा रोज वीस मिनिटं कपाळाला आठ्या घालून बसत होता, आणि आम्ही पडद्यावरचे आकडे वाढताना बघून एकमेकांकडे कौतुकानं पाहत होतो. मला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. नवीन उपकरण हातात आलं की आधी झीरो एरर, म्हणजे काहीच मोजत नसताना ते काय दाखवतं, ते बघायचं, हे मी हजारो पोरांना घोकवलेलं. स्वतःच्या घरी विसरलो.

कारण साधं आहे. मेंदूतून कवटीबाहेर पोचणारे विजेचे संकेत काही दशांश मायक्रोव्होल्ट ते फार तर शंभरेक मायक्रोव्होल्ट एवढेच असतात. कपाळाच्या आणि जबड्याच्या स्नायूंची वीज त्यापुढे दांडगी. चांगल्या प्रयोगशाळेत हा कचरा गाळून टाकायला तंत्रज्ञ बसलेला असतो. घरच्या पट्ट्यात दोनतीन कोरडे इलेक्ट्रोड आणि विश्वास, एवढंच असतं. कंपनीला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की उत्तम परिणामांसाठी नियमित वापर करावा. असो.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. नातू आठ वर्षांचा असताना त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, आहे असं बालमनोविकारतज्ज्ञांनी सांगितलं. त्याआधी तो "द्वाड", "धांदरट", "हुशार आहे पण करत नाही" असा सगळा होता. शेवटचं विशेषण माझं. डॉक्टरांनी घाई केली नाही. अवधान न टिकण्याच्या नऊ खुणा, चंचलतेच्या आणि उतावळेपणाच्या नऊ. कुठल्या तरी एका यादीतल्या निदान सहा, सहा महिने तरी टिकलेल्या, वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेल्या, आणि घर नि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणाऱ्या. मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेतला, २०१३ सालच्या डीएसएम-५ मधला हा निकष. मला तो आवडला, कारण त्यात "दोन ठिकाणी" आहे. एकाच काट्यावर तोललेलं वजन मी कधी खरं मानलं नाही. हा दोन काट्यांचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लेक आणि जावई दोघंही नोकरीवाले. दुपारनंतर पोरगं माझ्या ताब्यात. त्यामुळे घरी जे काही करायचं ते करवून घेणारा मी. लेक रात्री झोप सोडून मोबाइलवर वाचत बसायची आणि सकाळी मला एखादी लिंक आलेली असायची. औषधाला आमचा, खरं तर माझा, विरोध. "गोळ्या कशाला, व्यायाम आहे की मेंदूचा," असं मीच म्हणालो होतो. म्हणून पट्टा आला.

पट्ट्याचा प्रयोग फसल्यावर मी वाचायला बसलो. जरा आधी बसायला हवं होतं.

मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून त्या बदलायला शिकवायचं, या रीतीला न्यूरोफीडबॅक म्हणतात. तिची गोष्ट मोठी रंजक आहे, आणि ती मांजरांपासून सुरू होते. १९६० च्या दशकात बॅरी स्टर्मन नावाच्या संशोधकानं मांजरांना मेंदूची एक ठरावीक लय वाढवायला शिकवलं. लय आली की खाऊ. पुढे एका वेगळ्याच कामासाठी, रॉकेटच्या इंधनातल्या विषारी रसायनाची तपासणी करताना, असं दिसलं की या शिकवलेल्या मांजरांना झटके येईनात, किंवा फार उशिरा येत. मग १९७६ साली टेनेसी विद्यापीठातल्या जोएल लुबार यांनी एका अतिचंचल मुलावर ही रीत वापरून पाहिली. पुढे समजूत रुजली ती अशी: या मुलांच्या मेंदूत मंद थीटा लहरी जास्त, चपळ बीटा कमी, थीटा उतरवा, बीटा चढवा, लक्ष लागेल.

तर्क छान आहे. छान तर्कांची मला भीती वाटते. २०२१ साली छापून आलेल्या एका अमेरिकी चाचणीत ७ ते १० वर्षांची १४२ मुलं होती. प्रत्येकाला ३८ बैठका. काहींना खरं न्यूरोफीडबॅक, म्हणजे पडद्यावरचा खेळ त्यांच्याच थीटा-बीटावर चाललेला. बाकीच्यांना तोच पट्टा, तीच खुर्ची, तोच खेळ, पण खेळ चालायचा तो आधीच नोंदवून ठेवलेल्या दुसऱ्याच मेंदूच्या लहरींवर. कोण कुठल्या गटात हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना, कुणालाच माहीत नाही. निकाल काय? दोन्ही गट सुधारले. घसघशीत सुधारले. आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही.

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो. लोक याचा अर्थ लावतात, "म्हणजे न्यूरोफीडबॅक फुकट." मला दुसरंच दिसलं. परक्या मेंदूवर चालणारा खेळ खेळूनही पोरं सुधारली, तर त्या खोलीत काहीतरी होतं जे पट्ट्यात नव्हतं. ते काय?

पण तेव्हा हा प्रश्न मी बाजूला ठेवला, कारण लेकीनं दुसरी गोष्ट शोधून ठेवली होती. डोक्याला काही लावायचं नाही, फक्त खेळ.

या खेळांची दोन घराणी आहेत. जुनं घराणं कार्यकारी स्मृतीचं, म्हणजे ऐकलं-पाहिलेलं क्षणभर मनात धरून वापरण्याचं. आकडे ऐका आणि उलटे म्हणा, चौकटी उजळल्या त्याच क्रमानं बोट लावा; जमलं की एक आकडा वाढतो, चुकलं की कमी होतो. स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतल्या टोर्केल क्लिंगबर्ग यांनी २००२ पासून यावर काम केलं. २००५ सालच्या त्यांच्या अभ्यासात ५३ मुलं होती. रोजचा खेळ, पाच आठवडे. स्मृतीच्या चाचण्यांत मुलं पुढे गेली, आणि पालकांनी सांगितलं की लक्ष सुधारलं. शिक्षकांच्या नोंदींत मात्र तो फरक ठसठशीत दिसला नाही.

पालकांच्या काट्यावर वजन उतरलं, शिक्षकांच्या नाही. दोन काटे.

पुढे २०१३ मध्ये मोनिका मेल्बी-लेर्व्हाग आणि चार्ल्स ह्यूम यांनी अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजदाद केली. त्यांचा निष्कर्ष मी माझ्या भाषेत सांगतो: दोरीच्या उड्या मारल्या की दोरीच्या उड्या चांगल्या येतात. उड्यांसारख्याच दुसऱ्या खेळात थोडा फायदा होतो, तोही काही दिवस. गणित, वाचन, वर्गात लक्ष, इथपर्यंत तो पोचत नाही. उलटे आकडे म्हणण्यात पटाईत झालेला मुलगा डबा शाळेतच विसरून येऊ शकतो.

दुसरं घराणं नवं आणि देखणं. धावत्या वाहनाला वळणावळणांतून न्यायचं आणि त्याच वेळी समोर येणाऱ्यांतलं नेमकं तेवढंच टिपायचं, बाकी सोडून द्यायचं. म्हणजे एकाच वेळी दोन कामं आणि मोहाला नकार. याचं मूळ सान फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, अ‍ॅडम गझाली यांच्या प्रयोगशाळेत आहे. गंमत म्हणजे २०१३ साली गाजलेला त्यांचा पहिला खेळ मुलांसाठी नव्हताच, साठी उलटलेल्यांसाठी होता. माझ्यासाठी म्हणा ना. त्यातूनच पुढे 'एन्डेव्हरआरएक्स' आला. १५ जून २०२० रोजी औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेनं त्याला ८ ते १२ वर्षांच्या एडीएचडी असलेल्या मुलांसाठी मान्यता दिली. डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून द्यायचा पहिला व्हिडिओ गेम म्हणून तेव्हा पेपरांत मथळे आले होते. मात्रा: दिवसाला २५ मिनिटं, आठवड्याला ५ दिवस, असे ४ आठवडे.

लेकीनं हा मथळा मला तीनदा पाठवला. मी त्यामागची चाचणी वाचली. ३४८ मुलं. निम्म्यांना हा खेळ, निम्म्यांना शब्द जुळवण्याचा दुसरा एक खेळ. मोजमाप टोव्हा नावाच्या संगणकी चाचणीनं: पडद्यावर चौकोन येत राहतात, आतला छोटा चौकोन वर असेल तर बटण दाबायचं, खाली असेल तर हात आवरायचा. सुमारे बावीस मिनिटं. इतकी कंटाळवाणी चाचणी की कंटाळा हेच तिचं खरं काम. या चाचणीतल्या गुणांवर हा खेळ खेळणारी मुलं खरोखर पुढे गेली, शब्दखेळवाली गेली नाहीत. हा फरक खरा आहे, नाकारता येत नाही. पण पालकांना आणि डॉक्टरांना विचारलं तेव्हा दोन्ही गट सारखेच सुधारलेले. त्रास फारसा नाही: खेळणाऱ्या १८० मुलांपैकी १२ जणांना काहीबाही झालं, जास्त करून चिडचिड आणि डोकेदुखी. मान्यतेच्या कागदातही लिहिलं आहे की हा खेळ इतर उपचारांच्या जोडीनं वापरायचा, त्यांच्याऐवजी नव्हे. मथळ्यात ते वाक्य नव्हतं.

आम्ही आणला तो हाच नव्हे, याच जातीचा दुसरा एक. या वेळी मी अट घातली. आधी चार आठवडे काहीच नाही, फक्त नोंदी. मग चार आठवडे खेळ. मग चार आठवडे पुन्हा काहीच नाही. आणि मधे दुसरं काहीही बदलायचं नाही. झोपेची वेळ नाही, शिकवणी नाही. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा.

पाच प्रश्नांची चिठ्ठी केली. सांगितलेलं काम अर्ध्यात सोडतो का, वस्तू हरवतो का, जागेवरून उठतो का, दुसऱ्याचं बोलणं तोडतो का, कामाला बसायला टाळाटाळ करतो का. प्रत्येकाला शून्य ते तीन. जितके जास्त तितका त्रास जास्त. दर शुक्रवारी एक चिठ्ठी लेकीनं भरायची, एक वर्गशिक्षिकेनं. बाईंना एवढंच सांगितलं की बारा आठवडे नोंद हवी आहे. खेळाचं एक अक्षर सांगितलं नाही. त्यांनी एकही शुक्रवार चुकवला नाही, हे त्यांच्या बाजूचं मोठेपण. चाळीस पोरांत एकाची चिठ्ठी भरायची म्हणजे गंमत नाही.

खेळ पोरानं मन लावून खेळला. पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यापासून "आबा, आज नको ना" सुरू झालं, आणि हे मला कुठल्याही जाहिरातीत वाचायला मिळालं नव्हतं. लक्ष वाढवणाऱ्या खेळाला बसायलाच लक्ष लागतं. नवं असेपर्यंत याच्या मेंदूला पंख फुटतात, आणि जुनं झालं की तोच खेळ गृहपाठ होतो. मी शेजारी खुर्ची टाकून बसायला लागलो. नुसतं बसायचं, हातात शब्दकोडं घेऊन. मी बसलो की तो बसायचा. मी पाणी प्यायला उठलो की तोही उठायचा, तहान नसताना.

बारा आठवडे झाले. आलेख कागदावर मी हातानंच काढला. खेळातले गुण सरळ चढत गेलेले, सुंदर रेघ. लेकीच्या चिठ्ठ्या: पहिले चार आठवडे ११, ११, १०, १२. खेळाचे चार आठवडे ८, ७, ७, ६. नंतर ८, ९, ९, १०. बाईंच्या चिठ्ठ्या: १०, ९, १०, ११. मग १०, १०, ९, १०. मग १०, ११, ९, १०.

बाईंची रेघ आडवी. पट्टीनं मारल्यासारखी.

एका पोराचा हिशेब म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण ही आडवी रेघ मी लेकीपुढे ठेवली ती फार कोरडेपणानं. एखाद्या विद्यार्थ्याच्या जर्नलवर लाल शाईनं "पुन्हा करा" लिहावं तशी. ती बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे बाबा, तुमच्या मते मी खोटं लिहिलं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

खोटं कोण लिहितं? साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या एडमंड सोनुगा-बार्क यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये औषधाविना केलेल्या एडीएचडीच्या उपचारांचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. उपचार चालू आहे हे ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या नोंदींवरून बहुतेक उपचार उपयोगी दिसत होते. ज्यांना ठाऊक नसण्याची शक्यता होती त्यांच्या नोंदी घेतल्या की तो उपयोग आटत गेला. हे वाचताना मी मनात म्हटलं होतं, "बघा, आयांचा पक्षपात." आता माझीच लेक समोर होती, आणि पक्षपात हा शब्द मला तिच्यावर चिकटवता येईना.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "त्या चार आठवड्यांत संध्याकाळी तू काय करत होतीस?"

"काही नाही. तुम्ही त्याला घेऊन बसायचात. मी कपडे बदलून दहा मिनिटं पडायची. मग बाहेर यायची तर तो आपला शांत बसलेला असायचा. मग आमची भांडणं कमी व्हायची."

घ्या. तिनं जे मोजलं ते खरंच घडत होतं. घरातली संध्याकाळ खरंच निवांत झाली होती. फक्त ते खेळानं केलं नव्हतं, किंवा निदान खेळानं एकट्यानं केलं नव्हतं. एक मोकळा म्हातारा खुर्ची टाकून बसला होता, एक आई दहा मिनिटं आडवी झाली होती, आणि पोराच्या वाट्याला दिवसातली पंचवीस मिनिटं अशी आली होती की ज्यात कुणी त्याला रागावत नव्हतं. बाईंना ती पंचवीस मिनिटं वर्गात दिसणार कशी? परक्या मेंदूच्या लहरींवर खेळूनही सुधारलेली ती मुलं मला आठवली. त्यांच्याही शेजारी अडतीस वेळा कुणीतरी बसलंच असेल.

मी लेकीची माफी मागितली. आमच्या पिढीला हे जड जातं, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, डॉक्टरांकडे परत गेलो आणि औषधाबद्दलचा माझा हेका सोडला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एमटीए नावाच्या मोठ्या चाचणीत ५७९ मुलांना चौदा महिने तपासलं होतं, आणि मुख्य लक्षणांवर नीट देखरेखीखालचं औषध हे नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं होतं. हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. निर्णय आईबापांचा आणि डॉक्टरांचा. मी फक्त मधून बाजूला झालो. औषधाच्या मात्रेबित्रेबद्दल इथे लिहिणार नाही, कारण ती प्रत्येकाची वेगळी, आणि कुणीतरी हे वाचून आपल्या पोराला लावायचं.

दुसरी गोष्ट माझ्या आवडीची. तंत्रज्ञान हवंच ना घरात? मग मी करतो.

रसेल बार्कली हे या विषयातले जुने जाणते. त्यांचं म्हणणं साधारण असं की या मुलांना काय करायचं हे माहीत नसतं असं नाही. माहीत असलेलं त्या क्षणी, त्या जागी हातून होत नाही. म्हणून मदत द्यायची ती तिथेच, काम जिथे अडतं त्या जागी. खोलीत बसून स्मृतीचा व्यायाम आणि दारात बूट सापडेनात, याला काय अर्थ? मग मदत दारातच हवी.

जुन्या फळीवर चार बटणं, चार लाल दिवे आणि एक घंटी बसवली. दप्तर, डबा, बाटली, बूट. सकाळी चारही दिवे पेटलेले. एकेक काम झालं की ते बटण दाबून तो दिवा विझवायचा, चौथा विझला की घंटी. सर्किट सातवीतल्या पोराला जमेल असं. पहिले तीन आठवडे घंटी वाजवायला तो आमच्या आधी उठायचा. चौथ्या आठवड्यात एके दिवशी चारही बटणं एकदम दाबून, घंटी वाजवून, एका पायात बूट घालून निघून गेला. भुवयांचीच गोष्ट पुन्हा. या मुलांना यंत्राची फट सापडायला वेळ लागत नाही, आणि त्यांना लक्ष देता येत नाही असं आपण म्हणतो!

मी घंटीऐवजी भोंगा लावला. दोन आठवडे चाललं. मग दिव्यांचे रंग बदलले. मग बटणं फळीवरून काढून वस्तूंच्या जागी नेली, बुटाचं बटण बुटाच्या खाली. बूट उचलल्याशिवाय दिवा विझेना. आता कळलं की फळी बांधून हे काम संपत नाही. दर तीन आठवड्यांनी तिच्यात काहीतरी नवं करत राहावं लागतं. मला वेळ आहे. ज्या आईबापांना नाही त्यांना फळीवर कागदी चित्रं उलटीसुलटी करूनही हेच साधता येईल.

आणि एक सांगतो, कारण कुणीतरी खर्च करायच्या बेतात असेल. विकणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा. सुधारणा कुणी मोजली, ज्याला उपचार माहीत होता त्यानं की माहीत नव्हता त्यानं? दुसऱ्या गटाला काय दिलं होतं, काहीच नाही की दुसरा खेळ? आणि काय सुधारलं, खेळातले गुण की वर्गातलं वागणं? २०१६ च्या जानेवारीत लुमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले होते, कारण शाळेतली कामगिरी सुधारते वगैरे दावे पुराव्याविना केले असा ठपका होता. खेळ वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. नातू अजूनही तो वाहनाचा खेळ कधीमधी खेळतो, आवडतो म्हणून.

सगळ्यात टिकलेली गोष्ट मात्र सगळ्यात फालतू आहे. या मुलांना वेळ दिसत नाही. "दहा मिनिटं" हा शब्द त्यांना "पुष्कळ" किंवा "लगेच" यांपैकी काहीतरी वाटतो. बाजारात लाल चकतीची घड्याळं मिळतात, वेळ सरेल तशी चकती आक्रसत जाते. मी भिंतीवरचं जुनं घड्याळ खाली उतरवलं, त्याच्या नजरेच्या जरा वर लावलं, आणि फळ्यावरच्या पुसता येणाऱ्या शाईनं काचेवरच फाक रंगवायला लागलो. आता मिनिटकाटा इथे आहे, गृहपाठ इथपर्यंत. मधली फाक लाल. काटा ती फाक खात जातो. संपली की सुटी. रोज पुसायची, रोज नवी काढायची. काढायचं काम आता त्याच्याकडे आहे आणि तो फाक नेहमी थोडी बारीक काढतो, मी नेहमी थोडी वाढवतो.

मी अजूनही शेजारी खुर्ची टाकून बसतो. शब्दकोडं हातात. परवा भागाकार चालले होते. फाक संपायला आली तसा तो खाली फरशीवर बसला, मग जवळजवळ आडवाच झाला, घड्याळाकडे बघत. मी म्हटलं, उठ, अजून दोन मिनिटं आहेत, एक गणित होईल.

"आबा, संपली फाक. काटा रेघेवर आलाय."

"कुठे आलाय? मला दिसतोय ना. लांब आहे अजून."

"तू तिथून बघतोयस म्हणून. इथून बघ."

काटा आणि काच यांच्यात बोटभर अंतर आहे. रेघ काचेवर, काटा आत. मोजपट्टीकडे तिरकं बघू नका, सरळ समोरून बघा, नाहीतर पॅरॅलॅक्स येतो, हे मी एकतीस वर्षं दर जूनमध्ये पहिल्या तासाला सांगत आलो. याला कधीच सांगितलं नव्हतं.

मी गुडघे धरत खाली बसलो, मान त्याच्या मानेशेजारी नेली आणि वर पाहिलं. तिथून काटा बरोबर रेघेवर होता.